आमच्या वेळेवरची शर्यत

आमच्या मालवणीत समुद्रकिनाऱ्याला 'वेळ' म्हणतात. 'वेळेर गेलंय' असं कुणी म्हणालं, तर तो घड्याळ बघून गेला असं समजू नये, तो पुळणीवर गेलाय. आमच्या गावची बैलगाड्यांची शर्यत या वेळेवर व्हायची. मालवणपासून खाडी ओलांडून उत्तरेला गेलं की माडांच्या रांगेखाली जी पट्टी लागते, तिथेच.

२०२३ च्या दिवाळीनंतर गावातली चार पोरं माझ्याकडे आली. खळ्यात बसली, चहा घेतला आणि एक कागद पुढे केला.

"काकानू, तुमी सोसायटीत होतात. कागदपत्रांचा तुमका म्हायती. शर्यतीचो इतिहास लिवान देवा. आमी थोडो लिवलेलो आसा, तुमी फक्त नीट करा."

शर्यत पुन्हा सुरू करायची होती. परवानगीचे कागद करायचे होते, स्मरणिका काढायची होती. त्यांच्या कागदावर पहिलीच ओळ होती, 'शिवकालापासून चालत आलेली साडेतीनशे वर्षांची परंपरा.' खाली सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी, १६६४, असं लिहून किल्ल्याचा चुना आणि चिरे वाहणाऱ्या बैलांपासून ही शर्यत सुरू झाली असं जोडून दिलेलं.

मी विचारलं, "ह्या तुमका कोणी सांगल्यान?"

एकजण हसला. म्हणाला, "काकानू, किल्लो आसा ना थंय. मगे बैल पण असतलेच."

किल्ला आहे, हे खरं. बैलही असतील. पण मी छत्तीस वर्षं गावच्या विकास सोसायटीत सचिव म्हणून काढली. ज्या आकड्याला पावती नाही तो मी कधी वहीत धरला नाही. मी म्हणालो, चार दिवस थांबा, मला जेवढं माहीत आहे तेवढं लिहून देतो.

तर मला काय माहीत आहे?

माझे आजोबा सांगायचे ते एवढंच. त्यांच्या तरुणपणी गावाला गाडीरस्ता नव्हता. डोंगराच्या अंगाने पायवाट होती आणि गाडी न्यायची तर वेळेवरूनच. ओहोटीला वाळू घट्ट होते, तिच्यावरून गाडी चालते. भरती आली की वाट बंद. रापण ओढली की मासळी आणि कुटीचं खत घेऊन गाड्या खाडीच्या तोंडाला उभ्या राहायच्या आणि पाणी उतरायची वाट बघायच्या. पाणी उतरलं की सगळ्या एकदम सुटायच्या. पुढे खडप आहे, म्हणजे काळ्या खडकांची जीभ समुद्रात गेली आहे. त्या खडपापाशी वर चढायला एकच चढण. जो आधी पोचेल तो आधी वर जाईल. मागच्याला खोळंबावं लागायचं, आणि उशीर झाला तर पाणी चाकाला लागायचं. या घाईतून शर्यत सुरू झाली असं आजोबा म्हणायचे. देवाचा नवस नाही, राजाचा हुकूम नाही.

आजोबांच्या बोलण्याला कागद नाही. पण ते स्वतः गाडीवर बसलेले होते, म्हणून मी ते धरतो. त्याआधीचं मला माहीत नाही, आणि माझ्या गावात कुणालाच माहीत नाही.

मी पाहिली ती शर्यत साठ-सत्तरच्या दशकातली. तोवर रस्ता झाला होता, गाड्यांना वेळेवरून जायची गरज उरली नव्हती. तरी वर्षातून एकदा, होळीच्या दिवशी, त्या तिथेच पळायच्या. होळीच का, याचं कारण समुद्राच्या हिशेबात आहे. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांचं गणित असं की तिथीला पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता भरती, पुनवेला सव्वाअकराच्या आसपास. भरतीनंतर सहा तासांनी सुकती. म्हणजे पुनवेला संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला पाणी सगळ्यात खाली. त्यात पुनवेचं उधाण. उधाणाला पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खाली उतरतं, त्यामुळे त्या संध्याकाळी जेवढी रुंद आणि कडक वाळू मिळते तेवढी भांगाच्या दिवसांत मिळत नाही. शिमग्याला चाकरमानी मुंबईहून आलेले असतात. ऊन कललेलं असतं. साडेचारला सुरू करून सहाला आटपायचं, आणि मग होळी लावायला मांडावर जायचं. पंचांग, समुद्र आणि मुंबईची रजा तिन्ही जुळायचं.

पल्ला खाडीच्या तोंडापासून खडपापर्यंत. पुढे मी सचिव झाल्यावर एकदा सोसायटीची टेप घेऊन तो मोजला होता. चारशे मीटरला थोडा जास्त भरला. एका वेळी दोन गाड्या. वरच्या अंगाला एक, पाण्याच्या अंगाला एक. वरची वाळू जरा भुसभुशीत, खालची कडक पण ओली, आणि मधेमधे झरा पाझरतो तिथे रुतण. म्हणून कोण कुठल्या अंगाला हे नारळ फिरवून ठरायचं. गाडी रोजचीच. साट्यावरच्या बाजूच्या फळ्या काढायच्या, आखाला वंगण घालायचं, जू आणि शिवळा तपासायच्या, झालं. बक्षीस म्हणजे एक फेटा, पाच नारळ आणि वर्षभराची बढाई.

बैलही रोजचेच. ही गोष्ट नीट सांगायला हवी, कारण आज शर्यतीचा बैल म्हटलं की उंच, पांढरा, लांब शिंगांचा खिलार डोळ्यांसमोर येतो. तो घाटावरचा. आमचा बैल बुटका, काटक, लाल किंवा काळसर. कोकण कपिला या नावाने आता त्या जातीची नोंद झाली आहे, तेव्हा आम्ही गावठी म्हणायचो. तो पावसात कुणग्यात गुडघाभर चिखलातून नांगर ओढायचा, उन्हाळ्यात चिरे वाहायचा, शेणखत वाहायचा. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तोच बैल पुन्हा जुवाखाली. माझे तात्या, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, शर्यतीआधी आम्हा पोरांना हेच सांगायचे, "उद्या ह्येंकाच गाडयेक जुपूचे आसत, ह्या इसरा नको."

माझा पुतण्या अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात नोकरीला आहे. मी हे लिहितोय असं कळल्यावर तो फोनवर म्हणाला, "काका, इकडे पण असंच आहे, फक्त बैलांच्या जागी मोटारी." तिकडे स्टॉक कार म्हणून शर्यतीचा प्रकार आहे. स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानातून आणलेली साधी मोटार, शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेली नव्हे. आठवडाभर कामावर न्यायची तीच सुट्टीच्या दिवशी पळवायची. फ्लोरिडात डेटोना नावाचं गाव आहे, तिथला किनारा असाच लांब आणि घट्ट. १९३६ साली तिथे स्टॉक कारची पहिली मोठी शर्यत झाली. सुमारे सव्वापाच किलोमीटरचा फेरा, निम्मा डांबरी रस्त्यावर आणि निम्मा वाळूवर. वळणावरची वाळू उकरून निघाली आणि गाड्या तिच्यात रुतल्या. त्या शर्यतीत बिल फ्रान्स नावाचा एक मोटार मेकॅनिक पळाला होता. त्यानेच पुढे १९४७ च्या डिसेंबरात डेटोनातल्या एका हॉटेलात माणसं जमवून नॅस्कार ही संघटना उभी केली. तिथेही शर्यतीची वेळ ओहोटी बघून ठरायची. १९५८ साली वाळूवरची शेवटची शर्यत झाली आणि पुढच्या वर्षी डांबरी, उतरत्या कडांचा मोठा ट्रॅक उघडला.

पुतण्याच्या राहत्या राज्यात विन्स्टन-सेलम गावी बोमन ग्रे म्हणून मैदान आहे. फुटबॉलच्या मैदानाभोवती पाव मैलाचा, म्हणजे चारशे मीटरचा छोटा ट्रॅक. १९४९ पासून तिथे उन्हाळ्यात स्टॉक कार पळतात. तो म्हणाला, "बापाची जागा मुलगा घेतो, आणि गल्लीतली भांडणं ट्रॅकवर निघतात." मी म्हटलं, म्हणजे आमचाच गाव.

पण एक फरक आहे. मोटारीला दुखत नाही.

इथे मला ती गोष्ट सांगायला हवी जी मी पंचेचाळीस वर्षं कुणाला सांगितली नाही.

१९७९ चा शिमगा. आमचा जिल्हा तेव्हा रत्नागिरीच होता, सिंधुदुर्ग वेगळा व्हायला अजून दोन वर्षं होती. मी अठरा वर्षांचा. तात्यांकडे मोरो आणि चांदो अशी जोडी होती. मोरो तांबडा, कपाळावर पांढरे ठिपके. चांदो काळा, स्वभावाने भित्रा पण पायाने पक्का. तात्या पुढे कासरे धरून बसायचे आणि मागे साट्यावर मी, ओरडायला आणि काठी आपटायला. तात्यांचा नियम होता, काठी साट्यावर आपटायची, बैलावर नाही. आणि आर तर अजिबात नाही. आर म्हणजे पराणीच्या टोकाला बसवलेला खिळा. घाटावरून येणारे गाडीवान तो वापरायचे. आमच्याकडेही काहीजण लपवून ठेवायचे. शेपूट पिरगळायचे, चावायचेसुद्धा. हे सगळं होतं. परंपरा म्हणून लिहायचं तर हेही लिहावं लागेल.

आदल्या दोन वर्षी आम्ही हरलो होतो. वाडीतली पोरं चिडवायची. मी सुताराच्या पडवीतून एक बारीक चूक उचलली, काठीच्या टोकाला ठोकली आणि वर फडक्याची चिंधी गुंडाळली.

त्या दिवशी आम्हाला पाण्याचं अंग आलं. सुटलो तेव्हा बरोबरीत होतो. निम्म्यावर दुसरी गाडी हातभर पुढे गेली, आणि मी चिंधी काढून टोचलं. मोरोला टोचलं. मोरो उसळला, त्याने जू ओढलं, आणि चांदो बिचकून पाण्याकडे वळला. तिथे झऱ्याची रुतण होती. त्याचा पुढचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला, गाडीचं वजन मागून आलं. तो आवाज मी इथे लिहीत नाही. ज्याने ऐकलाय त्याला सांगायची गरज नाही.

तात्या फेकले गेले, त्यांना खरचटलं. मला काहीच झालं नाही.

वर्षाच्या सणाला, हसणाऱ्या-ओरडणाऱ्या माणसांसमोर ते झालं. सगळी धावली. पाणी वळायच्या आत चांदोला सोडवून फळीवर घालून दहा-बारा जणांनी वर आणला. सगळे म्हणत होते, रुतणीचा दोष, नारळाचा दोष, अंग वाईट आलं. मीही मान हलवत होतो.

चांदो बावीस दिवस गोठ्यात होता. तात्या त्याच्याजवळ झोपायचे. बांबूच्या कांब्या बांधल्या, पाला बांधला, मालवणहून डॉक्टर आणला. तेविसाव्या दिवशी पहाटे तो गेला. मधे केव्हातरी तात्या मोरोला तेल-हळद लावत होते, तेव्हा त्यांना मागच्या पुठ्ठ्यावरची जखम दिसली. मी दारात उभा होतो. त्यांनी वळून पाहिलं नाही. एवढंच विचारलं,

"झिला, आर खंय गावली तुका?"

मी काही बोललो नाही. त्यांनीही पुन्हा कधी विचारलं नाही, वडिलांना सांगितलं नाही, मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं असं मला पुढे अनेकदा वाटलं.

जूनमध्ये पाऊस लागला आणि घरात एकच बैल. शेजाऱ्यांकडेही एकच उरला होता, त्यांच्याशी वारंगुळा केला. एक दिवस त्यांचं, एक दिवस आमचं. दोन अनोळखी बैल एका जुवाखाली बसेपर्यंत अर्धी लावणी उलटली. त्या वर्षी आमचं भात उशिरा लागलं आणि कमी आलं. एका चुकेची ती किंमत. तात्या पुन्हा शर्यतीला उतरले नाहीत. होळीच्या दिवशी ते वरच्या मळ्यात जाऊन बसायचे.

पुढे मी १९८३ साली सोसायटीत लागलो. पीककर्जाबरोबर बैलजोडीसाठीही कर्ज द्यायची तेव्हा पद्धत होती. सुरुवातीच्या वर्षांत बैलांचे अर्ज मीच भरायचो. वय, रंग, शिंगं, दात, सगळं लिहायचं. मग हळूहळू ते अर्ज कमी झाले. आधी टेम्पो आला, चिरे आणि खत वाहणं टेम्पोकडे गेलं, गाड्या मांगरात पडल्या. मग पॉवर टिलर आला. एका टिलरवर वाडीतले सगळे कुणगे उरकायला लागले. पोरं मुंबई-गोव्याला, बैलाला चारा घालायला घरात म्हातारी माणसं. बैलाचा वर्षभराचा खर्च आणि काम दीड महिन्याचं. कुणीही हिशेब केला तरी तोच यायचा. माझ्या वहीत बैलजोडीच्या खात्याचं पान कोरं राहायला लागलं आणि टिलरचं पान पुरेना.

शर्यत तोवर होती, पण गाड्या आठावरून सहा, सहावरून तीन. २००३ च्या होळीला दोनच जोड्या उतरल्या. एक धावली आणि दुसरी अर्ध्यावर चालत आली. पुढल्या वर्षी कुणी नाव काढलं नाही. बंद करा असं कुणी म्हणालं नाही. समुद्र होता, वाळू होती, बैल नव्हते.

म्हणून मी पोरांना सांगितलं की आमची शर्यत कोर्टाने बंद केली असं लिहू नका. कोर्टाचा विषय नंतरचा आहे. तो इथे क्रमाने सांगतो, कारण त्याबद्दल पारावर वाटेल ते बोललं जातं.

प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये असा कायदा देशात १९६० पासून आहे. कुठल्या प्राण्यांचे खेळ करायचे नाहीत याची यादी त्या कायद्याखाली केंद्र सरकार काढतं. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह त्या यादीत होते. ११ जुलै २०११ ला त्यात बैलाचं नाव घातलं गेलं. तिथून गाड्यांच्या शर्यती अडचणीत आल्या. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूचं जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यती, दोन्हींवर बंदी कायम केली. न्यायालय म्हणालं, बैलाचं शरीर घोड्यासारखं पळण्यासाठी घडलेलं नाही, तो पळतो तो भीतीने आणि वेदनेने. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने पुन्हा परवानगीची अधिसूचना काढली, ती काही दिवसांतच स्थगित झाली. २०१७ च्या जानेवारीत चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हजारो तरुण बसले, तामिळनाडूने आपला कायदा बदलला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानेही बदलला. पण आपला बदल उच्च न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून शर्यतींना वाट दिली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले.

आता नियम आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, पल्ला हजार मीटरच्या वर नको, पशुवैद्यकाने बैल तपासलेले हवेत. काठी, चाबूक, विजेचा झटका यांना बंदी. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. बैलांच्या झुंजींना मात्र या कायद्यात जागा नाही. आमच्याकडच्या झोंब्या आणि गोव्यातली धिरयो वेगळी. गोव्यात एक माणूस दगावल्यावर १९९६ मध्ये उच्च न्यायालयाने ती बंद केली.

आणि महाराष्ट्रात शर्यत एकाच जातीची नाही. जुन्नर, आंबेगाव, खेडकडे चढणीच्या घाटावर बैल मोकळे पळतात, पुढे घोडी असते, सेकंदावर निकाल लागतो. विदर्भात शंकरपट. सांगली-साताऱ्याकडे चाकोऱ्या आखून चार-सहा छकडे एकदम सुटतात. रायगडात अलिबाग-मुरूडकडे आमच्यासारखीच पुळणीवर. एकाच नावाखाली एवढं सगळं येतं, म्हणून कुणी म्हणतो बैलाला लेकरासारखं जपतात, कुणी म्हणतो हाल करतात, आणि दोघांनीही आपापल्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

यात मी कुठे उभा आहे? घाटावरचे शेतकरी म्हणतात की शर्यत गेली तर खिलार जाईल, नांगराला तर तो आता कुणाला नको. यात तथ्य आहे. आमचा गावठी बैल शर्यतीविना, कामाविना कसा संपला हे माझ्या वहीत आहे. पण न्यायालय २०१४ मध्ये भीतीबद्दल जे म्हणालं, तेही मला खोटं म्हणता येत नाही. मी त्या साट्यावर होतो. मोरो कशाने उसळला हे मला माहीत आहे.

आता परंपरेचा मुद्दा. २०१४ च्या निकालात परंपरेचं म्हणणं टिकलं नाही. २०२३ च्या निकालात घटनापीठ म्हणालं की एखादी गोष्ट आपल्या संस्कृतीचा भाग आहे हे विधिमंडळाने ठरवलं असेल तर ते आम्ही मोडत नाही. त्यामुळे 'परंपरा' हा शब्द आता नुसता अभिमानाचा राहिला नाही, तो कागदोपत्री कामाचा झाला आहे. म्हणून जो तो वर्षं वाढवतो. शंभराची दोनशे, दोनशेची साडेतीनशे. पोरांचा दोष नाही. पण एकदा स्मरणिकेत छापलं की वीस वर्षांनी तेच पुरावा होतं. सोसायटीत मी हे पाहिलंय. एका वहीतली चूक दुसऱ्या वहीत उतरली की ती चूक राहत नाही, 'मागील शिल्लक' होते.

पाचव्या दिवशी पोरं आली. मी दोन पानं लिहून ठेवली होती. शिवकाल काढला होता. 'माझ्या आजोबांच्या आठवणीपासून २००३ पर्यंत' एवढंच लिहिलं होतं, आणि खाली चार वाक्यं चांदोबद्दल. वाचणाऱ्या पोराचं वय तेवीस-चोवीस, मंडळाचा अध्यक्ष तोच. त्याने सगळं वाचलं, शेवटच्या वाक्यांपाशी थांबला.

"काकानू, आर म्हंजे काय?"

त्याच्या पणजोबांच्या गोठ्यात दोन जोडे होते. त्याला मी मांगरातून तात्यांची जुनी पराणी काढून दाखवली. तिला खिळा नव्हता, तात्यांनी कधी लावला नव्हता. म्हणून मी जमिनीवर एक चूक ठेवली आणि टोकाशी धरून दाखवलं, असं. तो बराच वेळ ते बघत होता. नंतर म्हणाला, "आणि ह्या तुमी केलास?" मी म्हटलं, होय, मीच.

शर्यत २०२४ च्या माघी पुनवेला झाली. तिथीचं गणित मीच घालून दिलं. स्मरणिका निघाली. माझं लिखाण छापलं, शिवकाल छापला नाही, त्याबद्दल मी पोरांचा आभारी आहे. चांदोची चार वाक्यं मात्र नव्हती. जागा पुरली नाही असं मला सांगण्यात आलं. मी वाद घातला नाही. जाहिरातींनी पैसे दिलेले असतात, माझ्या वाक्यांनी नाही. पण ती कुठेतरी लिहिलेली असावीत म्हणून हे सगळं लिहायला बसलो.

त्या दिवशी अकरा जोड्या आल्या, सगळ्या घाटापलीकडून, टेम्पोतून. आमच्या गावची एकही नव्हती. उंच पांढरे बैल आमच्या वेळेवर पहिल्यांदाच उतरत होते, लाटेचा आवाज ऐकून कान टवकारत होते. डॉक्टर आले होते, व्हिडिओवाला होता. गर्दी मी पाहिली नव्हती एवढी.

मी सुटायच्या रेषेपाशी खुर्चीवर होतो. अध्यक्ष पोरगा प्रत्येक गाडीवानापाशी जात होता. नियमाप्रमाणे काठ्या आधीच काढून घेतल्या होत्या. तरी तो प्रत्येकाला हात पुढे करायला सांगायचा, तळवे बघायचा, कमरेचा पट्टा चाचपायचा. एक गाडीवान वैतागून म्हणाला, "अहो, नियमात हे कुठं लिहिलंय?"

पोरगा म्हणाला, "नियमात नाय. आमच्या वेळेर तसा आसा."

त्याने पाण्याच्या अंगाला, झऱ्याच्या रुतणीपाशी, चार लाल निशाणंही रोवली होती. ती मी सांगितली नव्हती. माझी ती वाक्यं वाचून त्यानेच ठरवलं असणार.